गोपनीय बुडबुडे

ताईंच्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. ताईंनाही माहीत होतं. त्या स्वतःच सांगायच्या. कोणी विचारायच्या आधी.

त्यांचा बुडबुड्यांचा कारखाना होता. बंद पडलेल्या छापखान्याचा तळमजला, एकात एक उघडणाऱ्या खोल्या, मागे चिंचोळं अंगण. तिथे साबणाचं पाणी तयार व्हायचं आणि बाटल्यांत भरलं जायचं. बाटलीच्या झाकणाला आतून एक कडी. कडी पाण्यात बुडवायची, फुंकर घालायची. एवढंच.

पण ताईंचा बुडबुडा फुटायचा नाही. म्हणजे फुटायचा, पण मनासारखं हिंडून झाल्यावर. खिडकीतून निघायचा, समोरच्या गच्चीवर जायचा, वाळत घातलेल्या चादरीला टेकायचा आणि विचार बदलून पुन्हा वर उठायचा. नाटकवाले, लग्नात फोटो काढणारे, मुलांचे वाढदिवस करून देणारे, सगळे ताईंचंच पाणी मागायचे. इतरांचे बुडबुडे कडीवरच जीव सोडायचे.

मी साहित्यात एम.ए. केलं होतं, छापखान्याच्या माडीवर भाड्याने राहत होते आणि नोकरी शोधत होते. एकदा मी ताईंना म्हटलं, तुमच्या बाटलीवर 'डोळ्यात गेल्यास धुवावे' असं लिहिलंय, पण काय धुवावं ते लिहिलेलं नाही.

"मग तू लिही," ताई म्हणाल्या.

तेव्हापासून बाटलीवरचा मजकूर माझ्याकडे आला. पहिल्याच बाटलीवर मी लिहिलं, 'क्षणभंगुरतेचा उत्सव.' ताईंनी चष्मा लावून वाचलं.

"अगं, बुडबुडा विकायचाय आपल्याला. वैराग्य नाही."

त्या दिवसापासून आमची मैत्री झाली. मैत्री म्हणजे त्या बोलायच्या आणि मी ऐकायचे.

ताई पूर्वी बसस्थानकावर घोषणा करायच्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगायच्या आणि त्याच दमात गाडीत जागा आहे का, ड्रायव्हरचं डोकं आज ठिकाणावर आहे का, तेही सांगायच्या. प्रवासी खूश असायचे. मग रेकॉर्ड केलेला आवाज आला. तो फक्त गाडीचा नंबर सांगायचा. ताई घरी बसल्या.

बसल्या कसल्या. न्हाणीघरात बादल्या मांडल्या आणि प्रयोग सुरू केले. भाच्याच्या वाढदिवसाला दुकानातला बुडबुडा फुसका निघाला, एवढंच निमित्त. पुढची काही वर्षं घरात कोणाला धड अंघोळ करता आली नाही. एका प्रयोगाने फरशीचा रंग गेला. एकाने अण्णांची मिशी.

अण्णा म्हणजे ताईंचे यजमान. घरातलं सगळं बोलणं ताईंनीच वापरल्यामुळे अण्णांच्या वाट्याला फारसं उरलं नव्हतं. ते बाटल्या भरायचं यंत्र सांभाळायचे आणि मिशीबद्दल कोणी विचारलं की ओठावरून हात फिरवायचे.

तिसरं माणूस म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, ताईंचे दीर. ताई त्यांना भावजी म्हणायच्या, म्हणून आम्ही सगळेच त्यांना भावजी म्हणायचो. देखणा माणूस. केसांचा भांग सरळ, बोलणं गोड. मिश्रणाच्या खोलीत ताई, अण्णा आणि भावजी एवढेच जायचे. बाकीच्यांना आत काय चालतं ते दिसत नव्हतं.

ऐकू मात्र येत होतं. निदान आम्हाला तसं वाटायचं. कारण ताई भेटेल त्याला सूत्र सांगायच्या. मलाही सांगितलं होतं. जिन्यात, कानाशी तोंड आणून. पुस्तकबांधणीची खळ असते ना, ती पातळ करून गाळायची आणि गार झाली की साबणात घालायची. "कोणाला सांगू नकोस." मी कोणाला सांगितलं नाही. एवढं मोठं गुपित आपल्याला माहीत आहे, या विचाराने मला जिना उतरताना कठड्याला धरावं लागायचं.

वकीलबाई आमच्याकडे आल्या त्या गिऱ्हाईक म्हणून. मुलीच्या वाढदिवसासाठी बाटल्या हव्या होत्या. सहज म्हणाल्या, "कसं चाललंय?" ताईंनी सांगायला सुरुवात केली. माल कुठून येतो, कोण किती घेतं, कोणावर भरवसा नाही, खोलीची किल्ली कुठल्या डब्यात असते. वकीलबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"हे सगळं तुम्ही मला का सांगताय?"

"तुम्हीच विचारलंत ना, कसं चाललंय."

वकीलबाई खुर्ची ओढून बसल्या. त्या उठल्या तेव्हा ताई त्यांच्या अशील झाल्या होत्या. कशा, ते दोघींनाही नीट सांगता आलं नसतं.

"तुमच्याकडे दोन रस्ते आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "एक पेटंट. त्यात सूत्र सरकारला लिहून द्यायचं. ते सगळ्यांना वाचायला मिळतं. पण ठरलेली वर्षं तुमच्याशिवाय कोणी तसं बनवू शकत नाही."

ताईंचा चेहरा उजळला. "म्हणजे सगळ्यांना सांगायचं, आणि वर कायदा आपल्या बाजूने?"

"हो. पण मुदत संपली की कोणीही बनवू शकतो."

"नको," अण्णा म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं. अण्णा पुन्हा यंत्राकडे वळले.

"मग दुसरा रस्ता," वकीलबाई म्हणाल्या. "धंद्याचं गुपित. त्याची मुदत संपत नाही. शंभर वर्षं राहिलं तरी तुमचंच. पण अट एक. तुम्ही ते गुपित म्हणून जपायला हवं. उद्या कोणी चोरलं तर कोर्ट पहिला प्रश्न विचारणार, बाई, तुम्ही जपायला काय केलंत? ज्याला स्वतःच्या गुपिताची किंमत नाही, त्याच्यासाठी कोर्ट धावत नाही."

मग त्यांनी कामाला लावलं. मिश्रणाच्या खोलीला चांगलं कुलूप. किल्ली डब्यातून निघून ताईंच्या गळ्यात. आत जाणाऱ्या प्रत्येकाने करारावर सही करायची, की इथे शिकलेलं बाहेर सांगणार नाही, नोकरी सोडली तरी नाही, स्वतःच्या धंद्यात वापरणार नाही. अण्णांनी न वाचता सही केली. भावजींनी वाचून केली. शेवटी वकीलबाई म्हणाल्या, "आणि जे गुपित आहे, त्यावर 'गोपनीय' असं लिहून ठेवा." लाल अक्षरांच्या चिकटपट्ट्यांचं एक मोठं भेंडोळं त्यांनी ठेवलं.

ते भेंडोळं ठेवायला नको होतं.

ताईंना चिकटपट्ट्या फार आवडल्या. मिश्रणाच्या पिंपांवर लागल्या, ते ठीक. मग रिकाम्या पिंपांवर लागल्या. कपाटावर, केरसुणीवर, संडासाच्या दारावर. चहाच्या किटलीवर एक, तिच्या दांडीवर एक. मांजराच्या गळ्यातल्या पट्ट्यावर. अण्णांच्या डब्यावर. मी एका सकाळी कामाला बसले तर माझ्या पाठीवर होती. दुपारी बाजारात गेल्यावर कळलं.

"ताई, मांजर कसं गोपनीय?"

"ते मिश्रणाच्या खोलीच्या खिडकीत बसतं. त्याला सगळं माहीत आहे."

ते वर्ष असं मजेत गेलं. मग भावजींनी एक दिवस विचारलं, बाटलीवर माझं नाव का नाही. ताई म्हणाल्या, माझंही नाही, बुडबुड्याचं आहे. भावजी हसले आणि भांगावरून कंगवा फिरवला. पुढच्या महिन्यात त्यांनी काम सोडलं. तब्येत बरी नसते, म्हणाले. ताईंनी त्यांच्यासाठी औषधांची, पथ्याची आणि देशातल्या सगळ्या चांगल्या डॉक्टरांची माहिती दिली. ते ऐकत ऐकत मागे सरकत दाराबाहेर गेले.

एका दुपारी ताई आणि मी बाजारातून येत होतो. चौकात रहदारी थांबली होती. दोन ट्रकांच्या मधून एक बुडबुडा आला. सावकाश. वाहतूक पोलिसाच्या शिट्टीजवळ थांबला, त्याला वळसा घातला आणि दिव्याच्या खांबाकडे निघाला.

ताई गप्प उभ्या राहिल्या. मला भीती वाटली.

"हा आपला आहे," त्या म्हणाल्या.

"बुडबुडा कसा ओळखू येईल?"

"तुला अक्षर ओळखू येतं ना? तसंच. बघ, वळताना आधी पोट देतो."

बुडबुड्याने वळताना आधी पोट दिलं. तो आला होता त्या दिशेने आम्ही चालत गेलो. पुलापलीकडे एक नवं दुकान होतं. दारात भावजी, हातात कडी, समोर मुलांचा घोळका.

"या, वहिनी," भावजी म्हणाले. कंगवा खिशातच राहिला.

"भावजी, तब्येत कशी आहे?"

"सुधारली."

"दिसतंय. हे पाणी कुणाचं?"

"माझं."

"सही केली होतीत तुम्ही."

"गुपितासाठी केली होती, वहिनी. हे कसलं गुपित? तुम्ही केस कापणारीला सांगितलंत, दातांच्या डॉक्टरला सांगितलंत, किल्ल्या बनवणाऱ्याला सांगितलंत. बसमध्ये शेजारी बसेल त्याला सांगता. अख्ख्या गावाला माहीत असलेली गोष्ट मी एकट्यानेच का लपवायची?"

ताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांची ओळख झाल्यापासून असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

दावा लागला. वकीलबाईंनी कारखान्यात येऊन सगळ्यांना समोर बसवलं आणि काय पणाला लागलंय ते सांगितलं. कोर्टाने जर म्हटलं, की हे गुपित नव्हतंच, तर भावजी सुटतील एवढंच नाही. उद्या कोणीही बनवील. खेळण्यांच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस भावजींच्या दुकानात येऊन बसायला लागला होता. तो निकालाचीच वाट पाहत होता. "एकदा उघडं झालं की ते परत झाकता येत नाही. कारखाना संपला म्हणून समजा."

अण्णांनी यंत्र बंद केलं. नुसतं, कारण नसताना.

"आता मला खरं सांगा," वकीलबाई म्हणाल्या. "आणि ताई, आजपासूनच सवय करा. कोर्टात विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं. हो किंवा नाही. पुढे एक शब्द नाही. केस कापणारीला सूत्र सांगितलंत?"

ताईंनी ओठ घट्ट मिटून श्वास घेतला. "हो."

"दातांच्या डॉक्टरला?"

"हो."

"तोंडात अवजारं असताना?"

"हो."

"किल्लीवाल्याला?"

"हो."

"अजून कोणाला?"

ताई माझ्याकडे बघून थांबल्या. "याचं हो-नाहीत कसं सांगू?"

वकीलबाईंनी डोकं धरलं. मीही धरलं. मला वाटलं, खळीचं गुपित माझ्याकडूनच फुटलं असणार. झोपेत बोलते की काय मी.

कोर्टाची खोली लांबट होती. उंच खिडक्या, चरचरणारे बाक. न्यायाधीश वयस्कर, बारीक, चष्म्यावरून बघणारे. मागच्या बाकावर खेळण्यांच्या कंपनीचा माणूस, मांडीवर बॅग. भावजींचे वकील तरुण आणि फार खूश होते. पुरावे म्हणून त्यांनी टेबलावर वस्तू मांडल्या. केरसुणी. अण्णांचा डबा. आणि किटली.

"साहेब, वादी म्हणतात, आम्ही गुपित जपलं. त्यांच्याकडे काय काय गोपनीय आहे ते पाहा. चहासुद्धा गोपनीय आहे. जिथे सगळंच गोपनीय, तिथे नोकराने कशाला गोपनीय समजायचं?"

न्यायाधीशांनी किटलीचं झाकण उघडून आत पाहिलं. मग नाक लावलं.

"मांजरही आहे, साहेब," वकील म्हणाले. "ते धरता आलं नाही."

वकीलबाई माझ्या कानात म्हणाल्या, "मुद्दा बरोबर आहे त्याचा."

मग साक्षीदार. केस कापणारी आली. तिने सांगितलं, ताई दर महिन्याला येतात, केस कमी कापायचे असतात आणि बोलायचं जास्त असतं. सूत्र त्यांनीच सांगितलं. अंड्यातला पांढरा बलक. फेटून साबणात घालायचा.

मी चमकले. अंडं?

दातांचे डॉक्टर आले. म्हणाले, मी दाढ कोरत होतो, बाईंनी माझा हात बाजूला केला, तोंडातला कापूस काढला आणि सूत्र सांगितलं. टूथपेस्ट. पांढरी, पट्ट्यांची नको. कोमट पाण्यात विरघळवायची.

"अंडं," केस कापणारी बाकावरून म्हणाली.

"टूथपेस्ट," डॉक्टर म्हणाले. "मला स्वतः सांगितलंय त्यांनी."

"मला काय शेजारणीने सांगितलं?"

"शांतता," न्यायाधीश म्हणाले.

किल्ल्या बनवणारा आला. तो कमी बोलणारा माणूस होता. म्हणाला, "तेल. मशीनचं. थेंबभर." आणि बसला.

मी ताईंकडे पाहिलं. ताई समोर बघत होत्या. मान ताठ, ओठ मिटलेले. हो किंवा नाही विचारेपर्यंत त्या काही बोलणार नव्हत्या.

भावजींच्या वकिलाने इथे थांबायला हवं होतं. पण ते फार खूश होते. "साहेब, तपशिलात फरक पडतो. माणसं विसरतात. मुद्दा हा, की ही माहिती सर्वांना होती आणि त्यावरून कोणालाही हे पाणी बनवता येतं. हवं तर इथेच करून दाखवतो."

भावजी खुर्चीत वळले. काहीतरी म्हणायला हात वर केला. वकिलांनी तो हात प्रेमाने खाली दाबला.

"दाखवा," न्यायाधीश म्हणाले.

शिपायाने भांडी आणली. साबण आला, कड्या आल्या, अंडी आली, टूथपेस्ट आली. किल्लीवाल्याच्या खिशात तेलाची कुपी होतीच. केस कापणारीने बाह्या वर केल्या आणि फेटायला घेतलं. आता सगळं कोर्ट उभं होतं. मागचे लोक बाकांवर चढले. तिने कडी बुडवली, फुंकर घातली. काही निघालं नाही. पुन्हा घातली. एक चिकट तार वकिलांच्या कोटावर पडली.

डॉक्टरांनी फार काळजीपूर्वक ढवळलं होतं. त्यांच्या कडीतून एक पांढरा, जड बुडबुडा आला, सरळ खाली गेला आणि वकिलांच्या बुटावर फुटला. बुटाला पुदिन्याचा वास सुटला.

किल्लीवाल्याच्या भांड्यात तेलाचा थेंब पडताच होता तो फेसही बसला. त्याने भांड्यात पाहिलं, ताईंकडे पाहिलं आणि मान हलवली. कोणीतरी मोठ्याने हसलं. मग कोणालाच आवरेना. शिपाई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आता प्रतिवादीचं पाणी," न्यायाधीश म्हणाले.

भावजी उठले. बाटली उघडली. कडी बुडवली. आणि मला अजून वाटतं, त्यांनी वाईट फुंकर घातली असती तर त्यांच्यासाठी बरं झालं असतं. पण एवढी माणसं बघत होती. त्यांनी भांगावरून हात फिरवला आणि मन लावून फुंकर घातली.

बुडबुडा आला. मोठा, टरबुजाएवढा. त्यात उंच खिडक्या वाकलेल्या दिसत होत्या. तो वकिलांवरून गेला, डॉक्टरांवरून गेला, पंख्याच्या वाऱ्यात घुटमळला. वळताना त्याने आधी पोट दिलं. न्यायाधीशांच्या टेबलावर आला, किटलीच्या तोटीला टेकला आणि विचार बदलून पुन्हा वर उठला. न्यायाधीश त्याच्याकडे बघत बघत खुर्चीत मागे रेलले. भावजींच्या चेहऱ्यावर असा अभिमान होता, की मला त्यांचं कौतुक वाटलं.

मग तो फुटला. न्यायाधीशांनी चष्मा पुसला.

"हे तुम्ही कुठे शिकलात?"

अभिमान हळूहळू उतरला. भावजींनी तिन्ही भांड्यांकडे पाहिलं. "मी... स्वतः शोधलं, साहेब. प्रयोग करून."

"छान. स्वतः शोधलं असेल तर तुमचा हक्क आहे. एखादा फसलेला प्रयोग सांगा."

"फसलेला?"

"एक. कोणताही."

भावजींनी बराच विचार केला. पहिल्या दिवसापासून त्यांचा प्रत्येक बुडबुडा उडाला होता.

"आमची फरशी," मागून आवाज आला. अण्णा उभे होते. "आणि माझी मिशी." ते बसले.

आता न्यायाधीश ताईंकडे वळले. वकीलबाईंनी डोळे मिटले. "बाई, तुम्ही या लोकांना सूत्र सांगितलंत?"

"हो."

"ते खरं होतं?"

"नाही."

वकीलबाईंनी डोळे उघडले.

"तिघांनाही वेगळं?"

"हो."

"तिघांनाच?"

ताई हो-नाहीत अडकल्या. चेहरा लाल झाला. न्यायाधीश म्हणाले, "बोला, बाई. मोकळेपणी बोला." आणि धरण फुटलं.

"साहेब, माझं तोंड बंद राहत नाही. लहानपणापासून नाही. माझी आई म्हणायची, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आता ज्या घराला दार नाही, त्या घरात दागिने कुठे ठेवायचे? ठरवलं असतं ना, की बुडबुड्यांबद्दल बोलायचंच नाही, तर मी आठवडाभरात खरं बोलून गेले असते. म्हणून मी तोंडात दुसरंच भरून ठेवलं. खरं यायच्या आधी खोटं येतं आणि जागा अडवून बसतं. आणि सगळ्यांना एकच खोटं सांगून चालत नाही. लोक मिळून करून बघतात, फसलं की खऱ्याच्या मागे लागतात. वेगवेगळं सांगितलं की आपापसात भांडत बसतात. आमच्या गल्लीत मध आहे, सायीचं पाणी आहे, कोरफड आहे. हिला मी पुस्तकाची खळ सांगितलीये." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही मात्र कोणाला बोलली नाही. फार चांगली मुलगी आहे."

अख्ख्या कोर्टाने माझ्याकडे पाहिलं. जिन्याचा तो कठडा मला आठवला आणि धरायला काहीच नव्हतं.

"मला का नाही सांगितलंत?" वकीलबाई कुजबुजल्या.

"तुम्ही सांगितलं का एवढंच विचारलंत. खरं सांगितलं का, असं नाही विचारलंत. पुढे एक शब्द नाही म्हणालात."

खरं सूत्र न्यायाधीशांनी बंद दाराआड ऐकलं. आत फक्त ताई आणि दोन्ही वकील, तेही बाहेर बोलणार नाही असं लिहून देऊन. खेळण्यांच्या कंपनीचा माणूस आम्हा सगळ्यांबरोबर व्हरांड्यात. दार उघडलं तेव्हा न्यायाधीशांच्या चेहऱ्यावर, पत्त्यांची जादू कशी करतात ते कळलेल्या माणसाचे भाव होते. भावजींचे वकील आपला कोट पुसतच बाहेर आले.

निकाल ताईंच्या बाजूने लागला. गुपित जपायला माणसाने आकाशपाताळ एक करायला नको, असं न्यायाधीशांनी म्हटलं. वाजवी काळजी पुरे. इथे कुलूप होतं, करार होता, आत जाणारी माणसं मोजकी होती. आणि जिचं तोंड बंद होत नाही, त्या बाईने तोंड उघडं ठेवूनच त्याला कुलूप लावलं. ज्याला जशी जमेल तशीच काळजी त्याच्याकडून मागायची. भावजींच्या साक्षीदारांनी एक गोष्ट मात्र पक्की केली, की गावात हे कोणालाही माहीत नव्हतं. "किटलीला," शेवटी ते म्हणाले, "कोणतंही संरक्षण देता येणार नाही."

मागच्या बाकावरचा माणूस बॅग उचलून गेला. वकीलबाई हसत होत्या आणि रुमालाने डोळेही पुसत होत्या. अण्णांनी ताईंच्या खांद्यावर उडून वाळलेली टूथपेस्ट झटकली.

राहिला भावजींचा माल. तो कोर्टाच्या बेलीफासमोर नष्ट करायचा होता. दुकानामागे आम्ही जमलो. बेलीफ मोठा कडक माणूस होता. एकेक पिंप त्याने मोजून घेतलं आणि म्हणाला, "ओता." भावजींनी पिंपं गटारात रिकामी केली. शेवटचं ओतताना त्यांनी तोंड फिरवलं.

थोडा वेळ काही झालं नाही. मग पुलाकडून वारा आला.

पहिला बुडबुडा रस्त्याच्या मधल्या जाळीतून वर आला. मग त्यामागे पाच-सहा. मग चौकातल्या जाळीतून, बेकरीसमोरच्या, शाळेसमोरच्या. प्रत्येक झाकणाच्या फटीतून माळा निघायला लागल्या. रस्ता भरला. गाड्या थांबल्या. वाहतूक पोलिसाने शिट्टी वाजवली, तर शिट्टीतूनच एक निघाला. गच्च्यांवर माणसं आली. एक म्हातारे गृहस्थ छत्री उघडून मध्येच उभे राहिले आणि छत्रीखाली हसू लागले.

बेलीफाने लिहायला घेतलं, 'माल नष्ट', आणि थांबला. वर पाहिलं. "हे नष्ट झालं असं मला लिहिता येणार नाही."

"मग?" वकीलबाईंनी विचारलं.

"थांबावं लागेल."

तो उलट्या पिंपावर बसला. भावजी दुसऱ्यावर. ताई त्यांच्या शेजारी. मी आणि अण्णा पायरीवर.

"वहिनी," भावजी म्हणाले. "चांगले झाले होते ना माझे?"

"तुमचे नव्हते ते."

"हात तर माझा होता."

ताई बघत राहिल्या. एक बुडबुडा बेलीफाच्या टोपीवर बसला होता.

"हात तुमचा चांगलाच आहे," ताई म्हणाल्या. "ती फुंकर मी कुणाला शिकवलेली नाही."

"परत येऊ का?"

"वकीलबाईंना विचारा."

"त्यांना नाही. तुम्हाला विचारतोय."

समोरून बुडबुडे जात होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी अण्णांकडे. कोर्टाबाहेर एवढा वेळ ताई गप्प बसलेल्या आम्ही दोघांनीही कधी पाहिल्या नव्हत्या. अण्णा पायरीवरून उठले, भावजींच्या पिंपावर थोडी जागा करून घेऊन त्यांच्याजवळ बसले.

"सोमवारी या," ताई म्हणाल्या. "कारखान्याच्या दारात गिऱ्हाइकांना बुडबुडे सोडून दाखवायला. मिश्रणाच्या खोलीत नाही. कधीच नाही."

"बरं."

"आणि भावजी, बाटलीवर नाव नाही."

"बरं, वहिनी."

बेलीफाने टोपी काढली, तिच्यावरचा बुडबुडा हाताने उडवून दिला आणि त्याच्या मागे मान वर करत गेला. पेन त्याने केव्हाच खिशात ठेवलं होतं.